बालवाचकांची कादंबरी-चर्चा

लहान मुलाला गोष्ट सांगणे निराळे आणि त्याच्या हाती कादंबरी देणे निराळे. गोष्ट एका बैठकीत संपते. तिचा शेवट कानी पडला की मूल झोपी जाते. कादंबरीचे तसे नाही. ती आठवडेच्या आठवडे मुलाच्या संगतीस राहते. आज वाचलेल्या प्रकरणातील माणूस उद्या काय करील, याची चुटपुट मनाला लागून राहते. ज्याला आरंभी वाईट मानले तो पुढे भला निघतो, आणि भल्याच्या हातूनही चूक घडते. आपले मत बनविणे, ते काही काळ सांभाळणे आणि प्रसंगी बदलणे, ही क्रिया कादंबरी वाचता वाचता मूल नकळत शिकत असते. परंतु एकट्याने वाचणाऱ्या मुलाला आपले मत आहे याचीच पुष्कळदा जाणीव नसते. दुसऱ्याचे मत निराळे आहे हे कळले म्हणजे स्वतःचे मत ध्यानात येते. प्राथमिक शाळेतील मुलांच्या छोट्या वाचनमंडळांचे सारे मर्म एवढ्यात आहे.

अशा मंडळाची रचना साधी असते. चार किंवा पाच मुले एकच कादंबरी निवडतात. प्रत्येकाजवळ पुस्तकाची आपली प्रत असते. पुढील भेटीपर्यंत किती पाने वाचावयाची हे मुलेच ठरवितात. ठरलेल्या दिवशी ती गोल करून बसतात आणि वाचलेल्या भागाविषयी बोलतात. शिक्षक जवळपास असतात, परंतु मध्यभागी नसतात. पुस्तक संपले की मंडळ मोडते. नवे पुस्तक, नवे सोबती, असे चक्र पुन्हा सुरू होते.

ही पद्धत विशेष नावारूपास आली ती अमेरिकेत. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत अॅरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी कॅरन स्मिथ नावाच्या शिक्षिकेच्या वर्गात कादंबऱ्यांच्या प्रतींनी भरलेले एक खोके पडून होते. मुलांनी ती पुस्तके मागितली, एकेका पुस्तकाभोवती आपण होऊन गट केले आणि त्यांची बोलणी इतकी रंगली की त्या बाई चकित झाल्या. पुढे हार्वे डॅनियल्स यांनी १९९४ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि ही कल्पना अनेक देशांतील शाळांत पोहोचली. आरंभी सोयीसाठी प्रत्येक मुलाला एकेक काम नेमून देत. एकाने प्रश्न काढावयाचे, दुसऱ्याने अवघड शब्द टिपावयाचे, तिसऱ्याने चित्र काढावयाचे, चौथ्याने सारांश सांगावयाचा. कालांतराने स्वतः डॅनियल्स यांनीच सावध केले की नेमून दिलेल्या कामाचे कागद भरणे हाच मुख्य उद्योग होऊन बसला, तर संभाषण मरते. कुबडी चालण्यापुरती धरावयाची. ती जन्माची सोबतीण करावयाची नाही.

१९८९ साली मेरीअॅन ईड्स आणि डेबोरा वेल्स या दोन अभ्यासक स्त्रियांनी पाचवी-सहावीच्या मुलांच्या अशा चर्चांचा शोध घेतला. वर्गातील पुस्तकचर्चेची दोन रूपे त्यांनी एकमेकींसमोर ठेवली. एक थोर संभाषण; दुसरे सौम्य उलटतपासणी. उलटतपासणीत शिक्षकाला उत्तर अगोदरच ठाऊक असते आणि ते मुलाच्या तोंडून काढणे हा त्याचा हेतू असतो. संभाषणात उत्तर कोणालाच पुरते ठाऊक नसते, म्हणून ते सर्वांना मिळून शोधावे लागते. हा भेद मराठी माणसाला समजावयास मुळीच कठीण नाही. इसापनीतीच्या गोष्टीखाली छापलेले 'तात्पर्य' पाठ करीत आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या. तात्पर्य वाईट असते असे नव्हे. परंतु ते दुसऱ्याने काढून हाती ठेवले की मुलाला गोष्टीकडे पुन्हा वळून पाहण्याचे कारण उरत नाही.

'श्यामची आई' हे याचे उत्तम उदाहरण. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. ते रात्रींत विभागलेले असल्यामुळे वाचनमंडळाला आयतेच सोयीचे आहे. एका भेटीला दोन-तीन रात्री सहज पुरतात. या पुस्तकाविषयी मुलांना वडीलधाऱ्यांकडून बहुधा एकच ऐकावयास मिळते, ते म्हणजे आई किती थोर होती हे. आता पोहावयाच्या प्रसंगाकडे पाहावे. श्याम पाण्याला भितो आणि लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीकडे धाडते. नंतर तीच आई त्याचे वळ पाहून कळवळते आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आपण तसे केले, हे त्याला समजाविते.

चार मुलांच्या मंडळापुढे हा प्रसंग आला तर काय होईल? एखादा म्हणेल, आईने मारले म्हणूनच श्याम पोहावयास शिकला. दुसरी म्हणेल, न मारताही शिकविता आले असते. तिसरा विचारील, आईलाच जर वाईट वाटत होते, तर तिने मारलेच का? चौथी, जी आतापर्यंत गप्प होती, ती म्हणेल की मोठा झाल्यावर श्याम हे सारे रागाने सांगत नाही. तो ते प्रेमाने सांगतो, हे कसे? या शेवटच्या प्रश्नापाशी चर्चा पुस्तकाच्या गाभ्यात शिरली. कोणत्याही स्वाध्यायात न सापडणारा हा प्रश्न आहे आणि तो मुलालाच सुचावा लागतो. मात्र त्यासाठी एका गोष्टीची तयारी हवी. श्यामची आई येथे चुकली, असे नऊ वर्षांच्या मुलाने म्हटले तर शिक्षकाने भुवया उंचावता कामा नयेत. 'असे तुला कोठे वाटले? ते पान दाखव,' एवढेच म्हणावे. मुलाने पान उघडले, ओळ शोधली आणि ती मोठ्याने वाचली की उर्मटपणाचे रूपांतर विचारात होते.

हा विषय हैदराबादेतील काचीगुड्यासारख्या वस्तीत नेला की त्याला आणखी एक धार येते. काचीगुड्याचे रेल्वे स्थानक १९१६ साली उभारले गेले. निजामाच्या रेल्वेने विसाव्या शतकाच्या प्रारंभीच हैदराबाद नांदेड-परभणीवरून मनमाडला जोडले होते. शिक्षण, वकिली, नोकरी आणि व्यापार यांसाठी मराठी कुटुंबे या शहरात येत आणि वसत राहिली. शहालीबंड्यात १८९५ साली भारत गुणवर्धक संस्था स्थापन झाली, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनीची शाळा निघाली, आणि १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच शहरी भरले. ज्ञानकोशकार केतकर स्वतः कादंबरीकारही होते, हा एक सूचक योग म्हणावा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. जिल्हे गेले, माणसे राहिली. काचीगुडा, निंबोळीअड्डा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या परिसरात मराठी घरे आहेत, आणि मराठी साहित्य परिषदही याच शहरात नांदते आहे.

अशा घरातील मुलाची भाषिक दिनचर्या पाहण्यासारखी असते. सकाळी आई त्याच्याशी मराठीत बोलते. शाळेचे माध्यम बहुधा इंग्रजी असते. २०१८ च्या कायद्यान्वये तेलंगणातील शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत तेलुगू हा विषय अनिवार्य ठरला, तेव्हा ती लिपीही त्याला शिकावी लागते. रस्त्यावर आणि खेळात दख्खनी चालते. घरात जे मूल 'नको' म्हणते तेच गल्लीत 'नक्को' म्हणते. आणि मराठीतून दख्खनीत गेलेला हा शब्द आपल्याच घरचा आहे, हे त्याच्या ध्यानीही नसते. तीन-चार भाषांत वावरणे ही मोठीच संपत्ती आहे. तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. चिंता आहे ती निराळी. गणित इंग्रजीत, परिसराची माहिती इंग्रजीत, मित्रांशी वाद दख्खनीत, आणि मराठी केवळ 'जेवायला ये', 'अभ्यास कर', 'आजीला नमस्कार कर' एवढ्यापुरती. आठ-नऊ वर्षांचे झाल्यावर मुलाचे मन नवनवे विचार करू लागते. परंतु त्याची मराठी चौथ्या वर्षी होती तेथेच थांबलेली असते. पुढे त्याला मराठीत काही गंभीर बोलावयाचे असले तर शब्दच सापडत नाहीत. भाषा विसरली जाण्याची ही पहिली पायरी असते, आणि ती घरातल्या कोणाच्याही लक्षात न येता ओलांडली जाते.

घरातील बोलण्याने ही उणीव भरून निघत नाही. कारण घरात रोज तेच विषय असतात. 'रागावला' आणि 'रुसला' यांतील अंतर, 'भीती' आणि 'संकोच' यांतील भेद, एखाद्याच्या वागण्याचे कारण सांगताना लागणारे 'जरी-तरी' आणि 'जर-तर' हे सारे कादंबरीत भरपूर भेटते, आणि चर्चेत ते मुलाला स्वतः वापरावे लागते. वाचलेला शब्द ओळखीचा होतो; वाद घालताना वापरलेला शब्द आपला होतो. म्हणून काचीगुड्यातील मुलाच्या दृष्टीने कादंबरी-मंडळ हे वाचनाच्या साधनापेक्षा काही अधिक आहे. घरची भाषा ही विचाराचीही भाषा होऊ शकते, याचा पहिला अनुभव त्याला तेथे येतो.

आरंभ कसा करावा? पहिली अडचण अशी की यांतील कित्येक मुलांना मराठी समजते, परंतु वाचता येत नाही. ज्यांनी शाळेत हिंदी शिकली आहे त्यांना देवनागरी अक्षरे ठाऊक असतात. त्यांना 'ळ', जोडाक्षरे आणि मराठी वळणाची वाक्ये यांचाच सराव हवा. अशा मंडळात पहिले प्रकरण मोठ्या माणसाने मोठ्याने वाचावे आणि मुलांनी आपापल्या प्रतीत बोट ठेवून पाहावे. पुढील प्रकरण दोघादोघांनी मिळून वाचावे. आजी किंवा आजोबा यांनी रात्री दोन पाने वाचून दाखविली तर तेही वाचनच होय. मंडळात येताना मजकूर कानाने पोहोचला की डोळ्याने, हे आरंभी मोजीत बसू नये.

दुसरी गोष्ट पुस्तकाची निवड. पहिले पुस्तक छोटे, वेगवान आणि विनोदाची फोडणी असलेले असावे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चटकन आपला वाटतो. त्याच्या साहसात शंका घेण्यास जागाही पुष्कळ असते. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' जुन्या काळातला असला तरी पोरक्या मुलाला घर मिळणे हा विषय जुना होत नाही. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आजच्या शहरी मुलांच्या जवळचा आहे. थोडी तयारी झाली की तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' घ्यावे. ते वस्तुतः आठवणींचे पुस्तक आहे, परंतु मुले ते कादंबरीसारखेच वाचतात. ज्या मुलांच्या कानी आगगाडीची शिटी नेहमीची आहे, त्यांना रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोत्तोचानची शाळा किती हवीहवीशी वाटेल, हे सांगावयास नको. दोन-तीन पुस्तके समोर ठेवून निवड मुलांवर सोपवावी. स्वतः निवडलेले पुस्तक आवडले नाही तरी त्याची जबाबदारी मूल घेते. दुसऱ्याने लादलेले पुस्तक ते नुसते सोसते.

भेट आठवड्यातून एकदा, पाऊण तासाची पुरे. वाचता वाचता प्रत्येकाने कागदाच्या लहान चिठ्ठ्या पानांत घालाव्यात. जेथे हसू आले तेथे एक, जेथे राग आला तेथे एक, जेथे काही कळले नाही तेथे एक. या चिठ्ठ्या हेच चर्चेचे भांडवल. इंग्लंडमधील लेखक एडन चेंबर्स यांनी मुलांच्या पुस्तकचर्चेसाठी जे मूळ प्रश्न सुचविले ते असेच साधे आहेत. काय आवडले, काय आवडले नाही, कोडे कोठे पडले, आणि कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येताना दिसली? 'का?' असा प्रश्न त्यांनी कटाक्षाने टाळला, कारण त्याने मूल आरोपीसारखे गप्प होते. त्याऐवजी 'सांग बरे' असे म्हणावे, ही त्यांची शिकवण आपल्या घरगुती वळणाला चांगलीच मानवते.

प्रत्येक गटात एक बोलघेवडा असतो आणि एक अबोल. त्यावर सोपा उपाय असा की बसताना प्रत्येकाच्या हाती तीन चिंचोके द्यावेत आणि बोलताना एक मध्ये ठेवावा. तिन्ही संपले की इतरांचे संपेपर्यंत ऐकावयाचे. दोन-तीन भेटींत चिंचोक्यांची गरज उरत नाही, कारण थांबण्याची सवय लागते. दुसऱ्याचे बोलणे खोडून काढण्यापूर्वी ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगावयाचे, हा आणखी एक नियम पाळला तर लहानांच्या सभेत जी शिस्त दिसेल ती मोठ्यांच्या सभेतही क्वचित आढळते.

मोठ्या माणसाचे काम मात्र सर्वांत अवघड आहे. ते म्हणजे ऐकणे. 'तोत्तोचान'मधील मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी त्या लहानगीला हवे ते बोलू देतात आणि चार तास ऐकत राहतात. पहिल्या शाळेतून काढून टाकलेल्या मुलीचे शिक्षण त्या ऐकण्यापासून सुरू झाले. चर्चेत शांतता पसरली तर शिक्षकाने ती लगेच भरून काढू नये. मनात दहा अंक मोजावेत. बहुधा सातव्या-आठव्या अंकाला कोणीतरी बोलू लागते, आणि ते बोलणे विचार करून आलेले असते.

मुलांनी चर्चेत केवळ मराठीच बोलावे असा हट्ट धरावा काय? आरंभी धरू नये. शब्द अडला तर दख्खनीत, तेलुगूत, इंग्रजीत सांगू द्यावे. मग गटाने त्याला मराठी शब्द शोधावा. तो शोध हाच भाषेचा पाठ होय. काचीगुड्यात मराठी मुलांबरोबर शेजारची तेलुगू मुलेही येऊन बसली तर मंडळाचा लाभच आहे. मुळ्ळपूडि वेंकटरमण यांचा 'बुडुगु' हा खट्याळ मुलगा १९५० च्या दशकापासून तेलुगू घराघरांत लाडका आहे. बापू यांच्या चित्रांनी त्याला रूप दिले. बोक्या आणि बुडुगु यांची तुलना ज्या गटात होईल, त्याला दोन भाषांचे दार एकदम उघडेल. हैदराबादेतच जन्मलेले डॉ. झाकिर हुसेन यांनी उर्दूत लिहिलेली अब्बूखांच्या बकरीची कथा तर कादंबरीपूर्वीची तयारी म्हणून कोठल्याही गटाला द्यावी. दाव्याला बांधून सुरक्षित राहावे, की डोंगरावर मोकळे होऊन लांडग्याला तोंड द्यावे, या प्रश्नावर मुले तासभर भांडतील आणि कोणाचेच पूर्णपणे चूक ठरणार नाही. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. तिचे एक बालरूप असे ओट्यावर सहज उभे राहू शकते.

या उपक्रमावर आक्षेपही घेतले जातात. अभ्यासक्रम पुरा होत नाही, तेथे कादंबरीला वेळ कोठून आणावयाचा? परंतु जे मूल दीडशे पानांचे पुस्तक रस घेऊन पुरे करते, त्याला पाठ्यपुस्तकातील दोन पानांचा धडा डोंगराएवढा वाटत नाही. मुले काहीही बरळतील, अशीही भीती असते. ती खरीही आहे, मुले बरळतात. परंतु 'ते पान दाखव' हा नियम असला की निराधार बोलणे आपोआप गळून पडते. पुस्तके महाग, हा तिसरा आक्षेप. एका गटाला पाच प्रती लागतात आणि एका गटाचे वाचून झाले की त्याच प्रती दुसऱ्या गटाकडे जातात. वाढदिवसाच्या भेटी, ग्रंथालयातील प्रती, आणि १९७१ पासून निघणाऱ्या बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक यांवर पुष्कळ काम भागते.

मराठीपासून दूर जन्मलेले माणूस तिला किती आपली करू शकते, याचा दाखला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या आयुष्यात सापडतो. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने १९६० च्या दशकात भारतात येऊन मराठी आत्मसात केली आणि १९८४ साली फलटणला प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. ज्यांच्या घरी पुस्तक नाही अशा मुलांनाही वाचते करता येते, ही त्यांच्या कामामागची श्रद्धा होती. परक्या मातीतील माणसाला जे साधले, ते ज्याच्या घरात आजी मराठीत ओव्या गुणगुणते त्या मुलाला का साधू नये?

शेवटी एक पथ्य. या मंडळाला परीक्षा नसावी, गुण नसावेत, बक्षीसही नसावे. प्रगती पाहावयाची असेल तर तीन खुणा पुरेत. मुलाने आपणहून पान उलटून पुरावा दाखविला काय? दुसऱ्याचे ऐकून एकदा तरी आपले मत बदलले काय? आणि पुस्तक संपल्यावर, 'आता पुढचे कोणते?' असे विचारले काय? ज्या मुलाने हा तिसरा प्रश्न मराठीत विचारला, त्याच्यापुरती तरी मराठी काचीगुड्याच्या स्वयंपाकघरातून निघून पुस्तकांच्या फडताळापर्यंत पोहोचली असे समजावे.